आयआयटी मुंबईचं इलेक्ट्रिकल: नाव कशामुळे आहे आणि खरी ताकद कुठे आहे

सांगलीहून एका मुलीने विचारलंय. वालचंदमधून इलेक्ट्रिकल झालंय, गेटला, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेला, ईई (इलेक्ट्रिकल) पेपरचा स्कोअर बऱ्यापैकी आलाय, आयआयटी मुंबईच्या ईई-थ्रीला म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि पॉवर सिस्टिम्सला आरएचा (रिसर्च असिस्टंट, लॅब सांभाळत तीन वर्षांचं एमटेक) कॉल येईल असं वाटतंय. प्रश्न असा की हे डिपार्टमेंट पॉवरमध्ये खरंच स्ट्राँग आहे का, की सगळी हवा बीटेकवाल्यांच्या पॅकेजची आहे? शिवाय घरचे म्हणतायत पीएसयू (सरकारी कंपनीतली नोकरी) मिळत असेल तर एमटेक कशाला. मी ट्रान्समिशन आणि प्रोटेक्शनच्या, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या आणि बिघाडापासून ग्रिड वाचवण्याच्या, कामात बरीच वर्षं आहे, पवईहून आलेल्या पोरापोरींबरोबर काम केलंय, इंटरव्ह्यूही घेतो, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. लांबेल जरा.

अगं, आधी नावाचं बघू. या डिपार्टमेंटचं जे नाव गावोगावच्या क्लासवाल्यांच्या फ्लेक्सपर्यंत पोचलंय ते जेईईच्या रँकमुळे. तिथलं बीटेक इलेक्ट्रिकल ओपनमध्ये साधारण चार-पाचशेच्या आसपास बंद होतं, कम्प्युटरनंतर लगेच हेच भरतं, त्यामुळे देशातली हुशार पोरं तिथे जातात आणि पोरं हुशार म्हणून डिपार्टमेंट भारी असं गणित लोक मांडतात. त्यातली बरीच पोरं पुढे सॉफ्टवेअर, फायनान्स, कन्सल्टिंग नाहीतर अमेरिका. आणि हे आजचं नाही हां. कंवल रेखी १९६७ चे, रोमेश वाधवानी १९६९ चे, नंदन निलेकणी १९७८ चे, सगळे इथले इलेक्ट्रिकलवाले, आणि तिघांचं नाव झालं ते कम्प्युटर-सॉफ्टवेअरच्या धंद्यात. म्हणजे डिपार्टमेंटच्या सगळ्यात प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांवरून तिथे ट्रान्सफॉर्मर कसा शिकवतात ते तुला काडीचंही कळणार नाही. रँकिंगचंही तसंच. क्यूएस या जागतिक रँकिंगच्या विषयवार यादीत पहिल्या शंभरात असतात, चांगलंच आहे, पण त्या यादीत इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच पोत्यात असतं. तुला पॉवर करायचंय, त्या नंबराचा तुला उपयोग शून्य.

मुद्दा असा की बोर्डावर एक नाव असलं तरी आत चार-पाच वेगवेगळी घरं आहेत. कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंग ईई-वन, कंट्रोल ईई-टू, तुझं पॉवर ईई-थ्री, इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स ईई-फाइव्ह, आणि मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स-व्हीएलएसआयवाले, म्हणजे चिपवाले, वेगळे. प्रत्येकाची लॅब वेगळी, इंडस्ट्री वेगळी, पैसा येण्याचे रस्ते वेगळे. त्यामुळे "इलेक्ट्रिकल चांगलं आहे का" याला एक उत्तरच नाही, कुठल्या ग्रुपचं विचारतेयस ते सांगावं लागतं.

बाहेरच्या जगात सगळ्यात दबदबा आहे मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा. जुझर वासी, ए. एन. चांदोरकर, दिनेश शर्मा या लोकांनी तो ग्रुप अशा काळात उभा केला जेव्हा आपल्याकडे चिपबिप हा शब्दही कोणी काढत नव्हतं. मग २००६ मध्ये केंद्र सरकारच्या पैशातून इथे आणि बंगळुरूच्या आयआयएससीत एकदमच नॅनोइलेक्ट्रॉनिक्स सेंटर सुरू झालं, क्लीनरूम (चिप बनवायची धूळमुक्त खोली) वगैरे सगळं. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे बाहेरच्या कॉलेजमधल्या लोकांनाही तिथे येऊन डिव्हाइस बनवता यावं म्हणून त्यांनी यूजर प्रोग्रॅम काढला. एवढी महागडी सोय स्वतःपुरती कुलपात ठेवली नाही, नाहीतर आपल्याकडे लॅबच्या किल्ल्या कुठे असतात हे तुलाही माहितीय. पुढे माधव देसाईंच्या टीमने अजित नावाचा प्रोसेसर केला, २०१९ मध्ये त्याची बातमी सगळीकडे होती, चंदीगडजवळ मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) १८० नॅनोमीटरवर बनवलेला. १८० म्हटलं की लोक हसतात, मोबाइलची चिप किती नॅनोमीटरची आणि ही किती, पण मीटर, रिले, नेव्हिगेशन रिसीव्हर अशा कामांना तेवढं पुरतं, आणि आर्किटेक्चरपासून सगळं इथे बसून केलंय हे महत्त्वाचं. मग २०२१ मध्ये उदयन गांगुलींच्या ग्रुपने त्याच फॅबसाठी मेमरीचं तंत्रज्ञान तयार केलं. तुझं क्षेत्र नाही हे, पण डिपार्टमेंटच्या नावात त्यांचा वाटा मोठा आहे म्हणून सांगितलं.

सिग्नलवाल्यांचं थोडक्यात सांगतो. विक्रम गद्रेंची वेव्हलेटवरची लेक्चर्स तू एनपीटेलवर, म्हणजे आयआयटींच्या फुकट ऑनलाइन कोर्सेसमध्ये, पाहिली असशीलच. प्रीती राव हिंदुस्थानी संगीताचं ऑडिओ अ‍ॅनालिसिस करतात, पी. सी. पांडे यांचं काम श्रवणयंत्रांवरचं. अभय करंदीकरांच्या ग्रुपने पालघरच्या खेड्यांत टीव्हीच्या मोकळ्या पट्ट्यातून ब्रॉडबँड पोचवायचा प्रयोग केला. जव्हार-मोखाड्याकडे कधी गेली असशील तर तिथे फायबर नेणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता तुझं ईई-थ्री. इथे मी सविस्तर बोलणार.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स बघ आधी. मायक्रोग्रिडवर (छोट्या स्थानिक वीजजाळ्यावर) तू काहीही वाचायला घेतलंस की पहिल्या दोन पानांत ड्रूप कंट्रोल येतं. दोन-चार इन्व्हर्टर (डीसीचं एसी करणारी यंत्रं) एकाच बसला, म्हणजे सामाईक पट्टीला, जोडलेत, एकमेकांशी बोलायला वायर नाही, तरी लोड वाटून घ्यायचाय, तर प्रत्येकाने पॉवर वाढली की आपली फ्रीक्वेन्सी किंचित खाली आणायची, जनरेटरचा गव्हर्नर करतो तसंच. इन्व्हर्टरसाठी ही गोष्ट नीट मांडणारा १९९३ चा जो पेपर सगळे अजूनही साइट करतात त्याचे पहिले लेखक मुकुल चांदोरकर, तेव्हा ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला होते, नंतर पवईला शिकवायला आले. आज सोलर आणि बॅटरीमुळे ग्रिड फॉर्मिंग इन्व्हर्टरची (व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी स्वतः उभी करणाऱ्या) जी चर्चा चाललीय त्याच्या मुळाशी हेच आहे. बी. जी. फर्नांडिस मशिन्स आणि ड्राइव्ह दोन्हीत, किशोर चॅटर्जी कन्व्हर्टरमध्ये. महेश पाटलांनी सीक्वेल नावाचा सर्किट सिम्युलेटर स्वतः लिहून फुकट दिलाय, तो डाउनलोड करून बघच, कारण महागडी सॉफ्टवेअर्स क्रॅक करून वापरणाऱ्या आपल्या कॉलेजांना त्याची फारशी गंधवार्ता नसते.

पॉवर सिस्टिम्समध्ये मला स्वतःला सगळ्यात जवळचं काम म्हणजे अनिल कुलकर्णी आणि सोमण यांच्या ग्रुप्सचं, ग्रिडचं डायनॅमिक्स, वाइड एरिया मेजरमेंट आणि प्रोटेक्शन. त्यांनी एक फार सुंदर गोष्ट केली. सिंक्रोफेजर (ठिकठिकाणी एकाच घड्याळावर मोजलेले व्होल्टेज-करंट) मोजायचे तर लोकांच्या डोळ्यांसमोर ४०० केव्हीचं सबस्टेशन, सीटी, पीटी (करंट-व्होल्टेज मोजायचे ट्रान्सफॉर्मर) आणि परवानग्यांची फाइल येते. यांनी काय केलं तर जीपीएसवर वेळ लावलेली मोजमापाची यंत्रं देशातल्या वेगवेगळ्या इंजिनिअरिंग संस्थांमध्ये साध्या घरगुती व्होल्टेजच्या पुरवठ्याला जोडली. कारण ग्रिड जर एकच असेल तर दिल्लीजवळ मोठं युनिट ट्रिप झाल्यावर फ्रीक्वेन्सी कशी हलते, कुठला भाग कुठल्या भागाविरुद्ध झुलतो, हे पवईच्या भिंतीतल्या सॉकेटवरही दिसतं, थोडा गोंगाट असतो तो गाळायचा. एवढीशी युक्ती, पण ती सुचायला सिस्टिम आतून समजलेली लागते. आणि आपल्याकडे बघण्यासारखं कमी घडलेलं नाही. २०१२ च्या जुलैत ३० आणि ३१ तारखेला लागोपाठ ग्रिड पडलं, दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही, आपलं पश्चिम ग्रिड वाचलं. मग २०१३ च्या शेवटच्या दिवशी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन जोडली आणि दक्षिण ग्रिडही बाकीच्यांशी एका फ्रीक्वेन्सीवर आलं. एवढं मोठं सिंक्रोनस ग्रिड झाल्यावर हळू झुलणारी ऑसिलेशन्स हा रोजचा विषय झाला. म्हणजे या ग्रुपकडे अभ्यासाला जिवंत ग्रिड आहे, नुसती पुस्तकातली चौदा बसची नमुना सिस्टिम नाही.

तिसरं, ट्रान्सफॉर्मर. एस. व्ही. कुलकर्णी शिकवायला यायच्या आधी क्रॉम्प्टन ग्रीव्हजमध्ये ट्रान्सफॉर्मरमध्येच होते आणि तो फरक त्यांच्या कामात दिसतो. स्ट्रे लॉस (भरकटलेल्या चुंबकीय फील्डमुळे होणारा तोटा), शॉर्ट सर्किट फोर्सेस, फील्ड काढून टँक कुठे तापेल ते सांगणं, हे सगळं कारखान्यात ज्याचे हात पोळलेत त्याच्या पद्धतीने. खापर्ड्यांबरोबर त्यांनी या विषयावर लिहिलेलं पुस्तक मी डिझायनर लोकांच्या टेबलावर पाहिलंय, लायब्ररीत नाही, टेबलावर.

सोलरही आहे. २०१० मध्ये नॅशनल सेंटर फॉर फोटोव्होल्टाइक सुरू झालं, वासी सर तिथेही होते. त्यांनी २०१३ पासून देशभरचे पॅनेल जागेवर जाऊन तपासायचे सर्व्हे केले आणि जे सापडलं ते विकणाऱ्यांना फारसं आवडलं नसणार, कारण गरम भागात पॅनेल अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने घसरतात, आणि मोठ्या जमिनीवरच्या प्लांटपेक्षा छोट्या आणि छतावरच्या सिस्टिम्सची अवस्था वाईट, बसवताना-उचलताना केलेला हलगर्जीपणा सेलच्या बारीक तड्यांत दिसतो. आता सोलापूर-लातूरकडे कोणी रूफटॉपवाला पंचवीस वर्षांची गॅरंटी सांगायला आला की मी हाच सर्व्हे पुढे करतो.

आणखी एक, जागा. हा फायदा कुठल्या रँकिंगमध्ये मोजत नाहीत. वेस्टर्न रीजनचं लोड डिस्पॅच सेंटर (ग्रिडचं नियंत्रण केंद्र) मरोळला, म्हणजे पवईपासून रिक्षाने, राज्याचं ऐरोलीला, सीमेन्सचा कारखाना कळव्याला, कांजूरला पूर्वी क्रॉम्प्टनही होतं. कंपनीचा माणूस दुपारी येऊन मीटिंग करून संध्याकाळी परत जाऊ शकतो. खरगपूर-रुरकी कितीही चांगली असली तरी हे तिथे नाही. मुळात हे नातं जुनं आहे. आयआयटी मुंबई १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदतीतून सुरू झाली, रशियन मशिन्स आणि रशियन प्रोफेसर, हे सगळे सांगतात, पण तिची आखणी करणारे पु. का. केळकर हे माटुंग्याच्या व्हीजेटीआयच्या इलेक्ट्रिकलचे प्रोफेसर होते ते कोणी सांगत नाही. ते पुढे कानपूर आयआयटीचे पहिले डायरेक्टर झाले आणि १९७० मध्ये परत पवईला डायरेक्टर म्हणून आले. माटुंग्याची परंपरा पवईत गेलीय असं मी म्हणतो तेव्हा आयआयटीवाले मित्र चिडतात, चिडू देत.

आता कुठे कमी आहे तेही ऐक. हाय व्होल्टेज हाच तुझा जीव की प्राण असेल, इम्पल्स जनरेटर, इन्सुलेशन ब्रेकडाउन वगैरे, तर मी आधी आयआयएससी, मद्रास, अगदी जादवपूरसुद्धा बघायला सांगेन. इंडस्ट्रीचं प्रत्यक्ष टेस्टिंग तर सीपीआरआय नाहीतर बडोद्याच्या एर्डा या टेस्टिंगच्या संस्थांमध्येच होतं. दुसरं म्हणजे तिथलं वातावरण. कॅम्पसमध्ये पॉवरवाले संख्येने कमी, गप्पा सगळ्या चिप नाहीतर मशीन लर्निंगच्या, प्लेसमेंटचा सीझन आला की पॉवरवालीही कोडिंगची तयारी करायला लागते कारण शेजारच्या खोलीतल्या मुलीला तिकडे दुप्पट मिळतायत. अशा किती जणी-जण मी बघितलेत, उत्तम स्टॅबिलिटीचा थिसिस केला आणि आता कुठल्यातरी बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये मॉडेल चालवतायत. चूक नाही, ज्याचं त्याचं पोट, पण तू पॉवरसाठी जातेयस तर हे माहीत असू दे. तिसरं, मी घेतलेली नावं बरीचशी ज्येष्ठ मंडळींची आहेत. काही निवृत्त होतात, काही दुसरीकडे डायरेक्टर होतात, तेव्हा आत्ता कोण नवीन विद्यार्थी घेतंय ते डिपार्टमेंटच्या पानावर स्वतः बघ, गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर बघ, आणि आत्ता शिकत असलेल्या एखाद्या आरएला सरळ मेल टाक, बहुतेक जण उत्तर देतात.

तिथली माणसं कामाला कशी असतात म्हणशील तर फरक आहे, पण लोकांना वाटतो तो नाही. रिलेचं (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राचं) सेटिंग पहिल्या दिवशी त्यांनाही येत नाही. वालचंद, सीओईपी, व्हीजेटीआयची चांगली मुलं साइटवर जास्त लवकर रुळतात, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. पण डिस्टर्बन्स रेकॉर्ड (बिघाडाच्या क्षणांची नोंद) समोर ठेवला आणि तो नेहमीच्या साच्यात बसत नसला की पवईची पोरगी मॉडेल लिहायला बसते, आपली पोरं व्हेंडरला फोन लावतात. हा सवयीचा फरक आहे, अकलेचा नाही, आणि तो तिथे लॅबमध्ये येतो. बीटेकलासुद्धा त्यांना इलेक्ट्रॉनिक डिझाइन लॅब म्हणून एक कोर्स असतो, ग्रुपने एखादी वस्तू ठरवायची, बोर्ड डिझाइन करायचं, सोल्डर करायचं, चालवून दाखवायचं. वाधवानी लॅबमध्ये रात्री उशिरापर्यंत पोरं बसलेली असतात. आपल्याकडे फायनल इयरचा प्रोजेक्ट कुठून विकत मिळतो ते तुला मी सांगायला नको.

आता आरए आणि टीए. टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणजे दोन वर्षांत एमटेक, आठवड्याला काही तास शिकवण्यात मदत, गेटवाल्यांना महिना १२,४०० रुपये, निवड सरळ गेट स्कोअरवर. आरए म्हणजे तीन वर्षं, लॅबची जबाबदारी तुझ्यावर, निवडीला टेस्ट आणि इंटरव्ह्यू. लोक आरएला "वर्ष वाया" म्हणतात. पॉवरमध्ये मी उलट म्हणेन. कन्व्हर्टर हार्डवेअरवर चालवून, दोन-तीनदा डिव्हाइस उडवून, परत उभा करायला दोन वर्षं पुरत नाहीत, कारण त्यातलं पहिलं वर्ष कोर्सेसमध्येच जातं. तीन वर्षांत मात्र हातात काहीतरी येतं. फक्त लॅब कुठली मिळतेय ते इंटरव्ह्यूत किंवा नंतर विचारून घे. सगळा वेळ कम्प्युटर लॅबचे अकाउंट सांभाळण्यात जाणार असेल तर मग लोकांचं म्हणणं खरं ठरतं.

पीएसयूचं. पॉवरग्रिड, एनटीपीसीचा कॉल खरोखर हातात आला आणि तुला ऑपरेशन, साइट, सबस्टेशन आवडत असेल तर घरचे बरोबर बोलतायत, जा, त्यात कमीपणा काही नाही, आणि तिथून पुढे शिकायच्या वाटाही आहेत. पण तुझ्या प्रश्नात तू दोनदा "डिझाइन" लिहिलंयस. इन्व्हर्टर, ड्राइव्ह, ईव्ही चार्जर, रिलेचं अल्गोरिदम यांचं डिझाइन पीएसयूत फारसं होत नाही, ते पुणे-बंगळुरू-चेन्नईच्या डेव्हलपमेंट सेंटर्समध्ये होतं, आणि तिथे दार उघडायला एमटेक लागतं, त्यातही चांगल्या लॅबचं. आईवडिलांना हे असं सांगून बघ. पगाराचं बोलून पटत नसेल तर कामाचं बोललेलं कधीकधी पटतं.

इंटरव्ह्यूसाठी काय वाचू असंही शेवटी विचारलंयस. गेटची सूत्रं नको, ती तपासून झालीत. दोन विषय पक्के कर आणि सुरुवातीलाच सांग की हे माझे विषय, मग ते त्यातच खोल जातात. नेटवर्क्स मात्र सगळ्यांनाच विचारतात, आरएलसी सर्किटचा स्टेप रिस्पॉन्स समीकरण न सोडवता हाताने काढता आला पाहिजे. बक कन्व्हर्टरमध्ये इंडक्टरचा करंट शून्यावर आला की काय बदलतं, सिंक्रोनस मशिनचं एक्सायटेशन वाढवलं की नेमकं काय होतं, हे चित्र काढून. मी असतो तर १२ ऑक्टोबर २०२० विचारलं असतं, कळव्याकडच्या लाइन्स ट्रिप झाल्या आणि मुंबईची इतकी वर्षं भरवशाची मानलेली आयलंडिंग स्कीम (ग्रिड पडलं तर शहर वेगळं तोडून चालू ठेवायची सोय) त्या सकाळी शहर का वाचवू शकली नाही, वेगळं पडल्यावर आतलं जनरेशन आणि लोड जुळलं नाही तर फ्रीक्वेन्सीचं काय होतं, लोड शेडिंग किती लवकर व्हायला हवं. बातम्या नको, स्विंग इक्वेशन (जनरेटरचा वेग कसा बदलतो ते सांगणारं समीकरण) घेऊन सांग. येत नसेल तिथे "येत नाही पण असं असावं" म्हणून पुढे विचार करून दाखव, गप्प बसू नकोस. आपल्याकडच्या मुली व्हायव्हात गप्प बसतात, ते तिथे चालत नाही.

ऑफर कोअ‍ॅपवर येईल. ते आयआयटींच्या एमटेक ऑफर्सचं सामाईक पोर्टल आहे. आधी दुसऱ्या आयआयटीची पॉवरची आली आणि मुंबईचा निकाल बाकी असेल तर घाईने अ‍ॅक्सेप्ट अँड फ्रीझ करू नकोस, रिटेन अँड वेट कर, म्हणजे ती ऑफर राखून पुढच्या राउंडची वाट बघ, पण तो पर्याय सगळ्या राउंडला मिळत नाही, त्या वर्षीचे नियम वाचून ठेव. आणि मुंबईचं नुसतं नाव पाहिजे म्हणून पॉवर सोडून भलत्याच स्पेशलायझेशनला जाणार असशील तर त्यापेक्षा कानपूर किंवा मद्रासचं पॉवर घे. कॉल आला की लॅबचं नाव कळव, तिथलं कोणी ओळखीचं निघतंय का बघतो.